उपरण्याखालचा भाव

आप्पाराव सरांनी टेबल ओढून वर्गाच्या मध्यभागी आणले आणि त्यावर पाण्याची रिकामी बाटली उभी केली.

"ही शेळी. विकायची इंग्रजीतूनच."

पाटोद्याच्या त्या वाणिज्य महाविद्यालयातली पोरे खळखळून हसली. मागच्या बाकावर प्राचार्य वही उघडून बसले होते. सरांची ही नवी पद्धत चालू ठेवायची की पूर्ववत गाईडातली उत्तरे उतरवून द्यायची, याचा निर्णय आज व्हायचा होता. पत्नी निवर्तल्यापासून सरांच्या वाट्याला माणसांचे बोलणे यायचे ते याच एका तासात. तथापि ही बाब प्राचार्यांना सांगण्याजोगी नव्हती.

गिऱ्हाईक म्हणून सायलीचे वडील हरिबा आले होते. त्यांचा शेळ्यांचाच व्यापार. सायलीने घोकलेले इंग्रजी वाक्य एका दमात म्हटले. हरिबांनी बाटलीकडे पाहिलेसुद्धा नाही. खांद्यावरचे उपरणे सोडून त्यांनी हात पुढे केला.

"भाव तोंडानं सांगत्यात व्हय, पोरी? समदा बाजार ऐकतोय. आण हात."

उपरण्याखाली बापलेकीची बोटे हलली. दोघांनी माना डोलावल्या. सौदा झाला! वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला.

प्राचार्यांनी वही मिटली.

"यात इंग्रजी कुठं आलं? उद्यापासून गाईड घ्या, आप्पाराव."

तास संपला. पोरे पांगली. सायली व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. हरिबा मात्र टेबलापाशीच घुटमळले.

"माज्यामुळं बिघडलं का वो, सर?"

"छे, तुमचा काय दोष?" सर बाटली उचलता उचलता थांबले. "हे मला शिकवाल?"

"आता मास्तरला मी शिकवू?" हरिबा हसले. "आणा हात."

दोघांच्या हातांवर उपरणे पडले. आत राठ, उबदार बोटांनी सरांची दोन बोटे घट्ट धरली.

"ह्ये दोन हजार. समदा पंजा धरला की पाच. आता तुमी सांगा."

पुढच्या तासाची घंटा झाली.

"सांगा की, सर."

"थांबा जरा. विचार करतो," सर म्हणाले, परंतु हात त्यांनी काढला नाही.

हरिबांनी एकवार त्यांच्या मुद्रेकडे पाहिले. दारातून डोकावणाऱ्या सायलीला त्यांनी मानेनेच थांबायला सांगितले.

"करा की सावकाश," ते म्हणाले. "बाजार शनिवारी हाय."