खोक्यावरचा गाल

आमच्या थोरलीने आयुष्यात एकच हट्ट केला, आणि तोही चुकीच्या माणसापुढे. साबणाच्या नव्या खोक्यावर तिला स्वतःचा चेहरा हवा होता.

थोरली म्हणजे माझ्या बहिणीची मोठी मुलगी. बहीण गेल्यापासून मी या दोघी भाच्यांकडेच राहते आणि खोकी घड्या घालून चिकटवते, त्यामुळे घरातलं बरंवाईट सगळं माझ्या हाताखालून जातं. मागच्या खोलीत थोरली साबण करते. पुढे दुकान, आणि दुकानाच्या कोपऱ्यात संगणक मांडून धाकटी बसलेली असते. गिऱ्हाईक ओळखतं ते धाकटीला. थोरली पुढे आलीच तर गळ्यातला रुमाल उजव्या गालावर ओढून घेते आणि भिंतीकडे बघत बोलते.

तो गाल कानापासून हनुवटीपर्यंत भाजलेला आहे. साबणाला कॉस्टिक सोडा लागतो. तो पाण्यात थोडा थोडा सोडायचा असतो. उलट केलं, कॉस्टिकवर पाणी ओतलं, तर सगळं उसळून अंगावर येतं. तेव्हा शाळेत जाणाऱ्या धाकटीने मदतीच्या उत्साहात नेमकं पाणी ओतलं. थोरलीने तिचा दंड धरून तिला मागे फेकलं आणि त्या झटक्यात स्वतः पुढे गेली. यावर आमच्याकडे कोणी चकार शब्द काढत नाही. धाकटी तर बहिणीशी बोलायचं झालं की वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहते. मला त्या वळशाची चीड आहे, आजची नाही, जुनी.

"माझा फोटो टाकता येईल ना गं?" थोरलीने विचारलं तेव्हासुद्धा धाकटी तिच्या डावीकडेच होती.

"न यायला काय झालं?" धाकटी म्हणाली.

फोटो मीच काढला, खिडकीशी. थोरलीने रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि सरळ समोर बघितलं. तिला असं समोर बघताना मी कितीतरी वर्षांनी पाहिलं. मी उगाच तिच्या केसांवरून तिला दोन शब्द सुनावले.

धाकटी त्या फोटोवर कामाला बसली. बघून बघून तिचं काम मला कळायला लागलंय. पडद्यावरचं चित्र एकसंध नसतं, एकावर एक कागद ठेवावेत तसे त्याचे लेअर असतात. प्रत्येक लेअरपुढे एक छोटासा डोळा असतो, तो मिटला की तेवढा लेअर दिसेनासा होतो. अलीकडे ती लेअरमध्ये साधा रंग भरत नाही, शेडर भरते. म्हणजे संगणकच ठिपक्याठिपक्याचं गणित मांडून धुकं म्हणा, रेशीम म्हणा, हवं ते उमटवतो. त्यावर आणखी इफेक्ट द्यायचे. खालचा फोटो असतो तसाच राहतो, त्याला कोणी हात लावत नाही. नुसता तो दिसत नाही.

काम झाल्यावर तिने आम्हाला बोलावलं. पडद्यावर थोरलीचेच डोळे होते, थोरलीचंच नाक. उजवा गाल मात्र लोण्यासारखा.

"हा गाल कोणाचा?" थोरलीने विचारलं.

"माझा. माझ्या फोटोतला गाल शेडरमध्ये घेतला आणि तुझ्या गालावर भरला. आपला रंग जुळतो ना. वर थोडं धुकं दिलंय, बारीक दाणे दिलेत. सांधा दिसतोय का बघ."

आणि तिने त्या लेअरचा डोळा मिटला. उघडला. परत मिटला. भाजलेली थोरली, गुळगुळीत थोरली, भाजलेली थोरली. कारागिरी दाखवायच्या नादात तिला भान नव्हतं, असं म्हणून मी तिला सोडून दिलं असतं. पण डोळा मिटला की दर वेळी ती मान दुसरीकडे वळवत होती.

"पुरे कर ते," मी म्हणाले.

"ताई, साबणाच्या खोक्यावर असा गाल कोण ठेवतं? लोक म्हणतील, साबणानेच झालं."

"साबणानेच झालं," थोरली म्हणाली.

धाकटीचं बोट माउसवर तसंच राहिलं. मग थोरलीच नमली, तिला नमायची सवयच आहे. "हवं तर त्या बाजूला सावली दे. बराच अंधार कर. पण गाल माझा राहू दे. एवढं कर माझं."

"बघते," धाकटी म्हणाली.

आमच्या घरात 'बघते' म्हणजे नाही. थोरलीला हे माझ्याइतकंच पक्कं ठाऊक होतं. तरी ती गुणगुणत मागे गेली आणि संध्याकाळपर्यंत तिच्या गाण्याची पट्टी काही उतरली नाही.

धाकटीने काहीच बदललं नाही. छापायला देताना सगळे लेअर एकमेकांत मिसळून चित्र सपाट करायचं, हा तिचा नेहमीचा नेम. पण छापखानेवाल्याला तेच चित्र लहान-मोठ्या दोन्ही खोक्यांवर बसवायचं होतं, म्हणून त्याने उघडी, म्हणजे लेअर न मिसळलेली, फाईल मागितली. तिने ती तशीच पाठवली.

खोकी आली तेव्हा पहिला गठ्ठा थोरलीने सोडला. मी जवळ गेले. खोक्यावर तीच होती. अख्खी, भाजलेल्या गालासकट, सावलीसुद्धा नाही. तिने रुमाल सोडला आणि धाकटीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मला वाटलं, तू नाही ठेवणार," ती म्हणाली. "वेडी मी. माझी गुणाची बाय ती." तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. एक खोकं घेऊन ती तशीच, उघड्या चेहऱ्याने, शेजारच्या शिंप्याला दाखवायला गेली. त्या शिंप्याशी ती आजवर दाराआडून बोलत आली होती.

धाकटी पांढरीफटक पडली होती.

"गप्प राहा," मी तिला म्हणाले. "चुकून का होईना, चांगलं झालंय. तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ आहे."

"मावशी, दुकान मला चालवायचंय," ती म्हणाली आणि छापखान्यात फोन लावला. जुनी खोकी चिकटवून तिचे हात डिंकाने भरलेले होते, म्हणून फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"ताई, आमचं सॉफ्टवेअर जुनं आहे हो," छापखानेवाला सांगू लागला. "तुमचे ते शेडर त्यात उघडलेच नाहीत. वरचं सगळं गळून गेलं आणि खालचा फोटो आला. मशीनवरचा पोरगा म्हणालाही, हे असलं तोंड कोण मुद्दाम छापून घेईल? पण मी म्हटलं, असेल त्यांची काही हौस."

थोरली दारात उभी होती. हातात खोकं.

धाकटीने तिला पाहिलं. फोन बंद करता आला असता. "सपाट फाईल पाठवते," ती फोनमध्ये म्हणाली. "सगळी परत छापा. ही रद्दीत घाला."

"म्हणजे तू नव्हता ठेवलास?" थोरलीने विचारलं.

"नाही."

थोरलीने मान हलवली. हातातलं खोकं तिने गठ्ठ्यात परत ठेवलं, कडेला कड जुळवून, आणि गठ्ठ्याची दोरी स्वतः बांधली.

नवी खोकी आली, भरली गेली. एक बाई दुकानात आल्या तेव्हा धाकटी कोपऱ्यात संगणकावर होती आणि साबणाचा ट्रे घेऊन थोरली पुढे आली होती. बाईंनी खोकं उचललं, थोरलीकडे पाहिलं, पुन्हा खोक्याकडे.

"तुमची बहीण का हो? नाक अगदी तुमचं आहे."

"हो. धाकटी."

"छान आहे दिसायला. साबण तीच करते का?"

"तीच करते," थोरली म्हणाली.

बाई गेल्यावर ती मागे गेली आणि रबरी हातमोजे घेऊन आली. ते तिने कीबोर्डवर ठेवले, धाकटीच्या दोन्ही हातांच्या मधोमध. मग वळसा घालून, भाजलेली बाजू तिच्याकडे करून, समोर उभी राहिली.

"खोक्यावर तू आहेस. तेव्हा साबण आता तू करायचा. आधी पाणी, मग कॉस्टिक. क्रम चुकवू नकोस, या वेळी मागे ओढायला मी तिथे नसेन."

"ताई, असं काय बोलतेस?"

थोरलीने रुमाल काढून खुंटीला अडकवला, गल्ल्याची खुर्ची रस्त्याच्या बाजूला ओढली आणि उजवा गाल दाराकडे करून बसली. धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी खोकी चिकटवत राहिले. शेवटी तिने हातमोजे चढवले. ते तिला मोठे होत होते.