धक्क्यावरचं लुगडं

सन बत्तीसची दिवाळी सरली होती. सोलापूरच्या तिप्पण्णाला मुंबईत लेकाकडं येऊन अडीच महिने झाले, पण त्याचे पाय काही घरात ठरत नव्हते. रोज बायकोला, बसव्वाला, घेऊन निघायचं, ट्रामनं वाटेल तिथं उतरायचं आणि पाय दुखेस्तोवर हिंडायचं. आज बंदराची पाळी होती. समुद्र बघून लोक तोंडात बोटं घालतात, आणि हा गडी बायकांची लुगडी बघत चालला होता! बसव्वाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याचंही खरं होतं. तीस वर्षं त्यानं लुगडी विणली, व्यापाऱ्यानं गठ्ठे बांधून कोकणात धाडली. कुणाच्या अंगावर त्यातलं एकही त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मरायच्या आत एक तरी बघायचंच, असा ध्यास त्यानं घेतला होता.

शेंगा खात, रमतगमत दोघं धक्क्यावर आली. काय ती गलबतं, काय तो माशांचा वास, आणि कोकणच्या बोटीसाठी ही झुंबड! तिप्पण्णा हरखून गेला आणि एकदम जागीच थबकला. पुढं एक बाई डोक्यावर बोचकं घेऊन उभी होती. हिरवं लुगडं, तांबडा रुईफुली काठ आणि काठात त्याच्या मागाची खूण, एक पिवळा दोरा. आपल्याच मागावरचं! हातातल्या शेंगा तिथंच टाकून तो पुढं झाला.

विणकराची खोड वाईट. कापड दिसलं की हात आधी जातो, अक्कल मागनं येते. त्यानं सरळ त्या परक्या बाईचा पदर धरला आणि उलटा करून बघितला. झालं! बाईनं बोचकं टाकलं आणि असा हात उगारला की हमालसुद्धा मागं सरले. बसव्वा मध्ये पडली, हात जोडले, माणूस वेडा नाही, विणकर आहे, म्हणून गयावया केली. तेव्हा कुठं बाई नरमली. लग्नातलं लुगडं आहे, अकरा पावसाळे झाले तरी विरलं नाही, असं उलट तीच कौतुकानं सांगू लागली.

तिप्पण्णाचं तिकडं लक्षच नव्हतं. काठावरून त्याचं बोट सरकत होतं आणि तोंड उतरत चाललं होतं. इतकी सरळ कड त्याला जन्मात जमली नव्हती. बारा वर्षांमागं तो दीड महिना तापानं अंथरुणाला खिळला होता. तेव्हा शेजारच्या ईश्वरप्पानं मागावरचं काम पुरं केलं, असं त्याला सांगितलेलं. बाईमाणसानं सुताच्या कांड्या भराव्यात, मागावर बसू नये, ही त्यांच्या घरची रीत.

“ह्यो हात माजा न्हाय,” तो म्हणाला. “ईश्वरप्पाचाबी न्हाय.”

“माजा हाय,” बसव्वा खाली बघत म्हणाली. “घरात चूल पेटायला नको व्हती का?”

बोटीचा भोंगा झाला. बाईनं पदर सोडवून घेतला, बोचकं उचललं आणि फळीवरून बोटीत चढली. तिप्पण्णाला रागच येईना. आनंदानं छाती भरून आली होती. मग फेटा सावरत, माणसं ढकलत तो धक्क्याच्या कडेपर्यंत धावला आणि सगळं बंदर ऐकेल असा ओरडला, “अवो बाई, ते हिनं इणलंय! माज्या बायकूनं!”