घरधन्याचं नाव

महाडच्या बाजारपेठेत दोन खुर्च्यांचं ऑफिस टाकून बसलेल्या अश्विनला यंदा त्याच्याच वाडीची वेबसाइट करायचं काम मिळालं. शिमग्याची पालखी आधी कुणाच्या दारात, यावरून दरसाल हमरीतुमरी व्हायची. मंडळाच्या सुनीलभाऊंनी फर्मान काढलं, "यंदा पालखी मोबाइल सांगंल तशीच फिरंल. त्यात नाय ते घर नाय!"

प्रत्येक घराचं पान वेगळं, पण साचा एकच. घरधन्याचं नाव आणि पालखीची वेळ भरली की पान आपोआप तयार. असे साचे चालवणारी टूलं ढिगानं मिळतात, आणि अश्विनचं घोडं तिथंच अडलं. बायको पसंत करताना लावला नव्हता एवढा वेळ या गृहस्थानं टूल पसंत करायला लावला! एक टूल भलतं कडक. एक जागा कोरी राहिली तरी अडून बसायचं, लाल अक्षरांत बोंब ठोकायचं. दुसरं गुणी. माहिती नसेल ते घर मुकाट गाळायचं. पुण्यातल्या मित्रांशी फोनवर तासन्‌तास खल चालला. नावं गोळा करायचं किरकोळ काम ऑफिसातल्या पूनमकडे दिलं.

पूनमनं घरोघर फोन लावले. सगळीकडे पुरुषांनी उचलले. अश्विनच्या घरी मात्र त्याची आई, सुंदराबाई.

"मावशी, घरधन्याचं नाव?"

"अगो, त्यांचं नाव मी कशी घेऊ? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आता माणूस गेला म्हणून काय झालं? अश्विन भरंल की, त्याला ठाऊक हाय."

साहेबांचंच घर, साहेब भरतील, म्हणून पूनमनं जागा कोरी ठेवली. साहेबांनी गुणी टूल निवडलं. साइट विनातक्रार तयार झाली आणि अश्विननं ऑफिसात वडापाव वाटले. पानं उघडून बघायची तसदी कोण घेतो!

गेल्या साली दुखवटा होता, पालखी दारात आली नव्हती. सुंदराबाईनं वर्षभर हाच दिवस मनात धरून ठेवला होता. अंगण सारवून, नारळ घेऊन ती सकाळपासून उभी.

ढोल आला. पुढं सुनीलभाऊ मोबाइल धरून, पालखीला खांदा अश्विनचा. शेजारचं घर झालं आणि सुनीलभाऊ ओरडले, "चला पुढं!"

"भाऊ, माझं घर!" अश्विनच्या तोंडचं पाणी पळालं.

"साइटवर नाय. तूच केलीस ना रे?"

पालखी अंगणापुढून सरकू लागली. नारळ छातीशी धरून सुंदराबाई बांधापर्यंत धावली, थांबली, आणि सगळ्या वाडीदेखत मोठ्यानं ओरडली, "श्रीपत गोमाजी उतेकर! त्यांचं घर हाय ह्ये!"

ढोल थांबला. म्हाताऱ्या बायांनी तोंडाला पदर लावला. सुनीलभाऊंनी मोबाइल मुकाट खिशात घातला आणि पालखी अंगणात वळली.

सुंदराबाई पुढं आली. नारळ लेकाच्या हाती देत ती हळूच म्हणाली, "बापाचं नाव तुला ठाऊक होतं ना रे?"