वांग-येंचा सिनेमा आणि तापलेली चकती

मधल्या काकांच्या प्रोजेक्टरचा दिवा शनिवारी दुपारी गेला, आणि नेमकी त्याच दुपारी मी गाडीत कंपनीचा नवा प्रोजेक्टर घेऊन त्यांच्या दारात उतरले. काका याला वांग-ये देवाची कृपा म्हणतात. मी काय म्हणते ते देवळात बोलण्यासारखं नाही.

काका युनलिन जिल्ह्यात गावोगावी देवळांसमोर सिनेमे दाखवतात. कोणाचं ऑपरेशन नीट झालं, कोणाच्या लसणाला भाव आला, की तो नवस फेडायला देवाला सिनेमा देतो. मग काका छोटा ट्रक घेऊन जातात आणि देवाला दिसेल असा, गाभाऱ्याच्या समोर पडदा लावतात. पुढच्या रांगेतल्या लाल खुर्च्या देवाच्या, तिथे कोणी बसत नाही. हल्ली मागच्या खुर्च्यांवरही कोणी बसत नाही, पण त्याने काही अडत नाही. नियम एकच, सुरू झालेला सिनेमा संपेपर्यंत थांबवायचा नाही. त्या दिवशी हंस पाळणाऱ्या त्साईबाईंनी नवरा आजारातून उठला म्हणून वांग-येंसाठी दोन सिनेमे ठेवले होते.

“आयुन, तुझ्या गाडीत आहे ना ते मोठं यंत्र?” काकांनी विचारलं.

“काका, ते एकच आहे. सोमवारी थायनानला ग्राहकांना दाखवायचंय. त्याला काही झालं तर आमचा विभाग बंद आणि विभागप्रमुख ल्याव साहेबांची गच्छंती.”

“दाखवायचंच आहे ना? मग आधी देवाला दाखव.”

“कशाला छळताय पोरीला?” काकू आतून म्हणाली. “होऊन होऊन काय होईल? त्साईचा नवरा परत अंथरूण धरेल, एवढंच ना!”

आमच्या घरात नाही म्हणायची सोय नसते ती अशी.

या यंत्रात बल्ब नाही. निळा लेसर एका गरगर फिरणाऱ्या चकतीवर पडतो. चकतीवर फॉस्फरचा लेप असतो, तो निळा उजेड गिळतो आणि पिवळा परत देतो. थोडा निळा आणि हा पिवळा मिसळला की पांढरा होतो. तेवढ्याच विजेत जास्त उजेड कसा काढायचा, या एका प्रश्नात माझी अख्खी तिशी गेली. लेपाचं दुखणं एकच. तापला की तो कामचुकार होतो, निळा गिळतो पण पिवळा हात आखडून देतो, आणि न दिलेल्या उजेडाने स्वतःच आणखी तापतो. फारच तापला तर करपतो, मग काही इलाज नाही.

त्यावर ल्याव साहेबांनी ‘राखणदार’ बसवला होता. उजेड जरा उतरला की राखणदार लेसरला आपोआप जास्त वीज देतो, म्हणजे पडदा कायम तेवढाच उजळ. आमच्या शिनचूच्या प्रयोगशाळेत, जिथे एसीमुळे भर उन्हाळ्यात स्वेटर लागतो, तो झकास चालायचा. त्याच्या पेटंटवर साहेबांचं एकट्याचं नाव होतं. स्वभावही त्यांचाच होता म्हणा. काम मागे पडलं की “जोर लावा”, आणि जोर लावून माणसं पेंगायला लागली की “आणखी जोर लावा”. मला सगळं काम त्यांनीच शिकवलं, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे.

दिवेलागणीला पहिला सिनेमा सुरू झाला, जुना मारामारीचा. चित्र असं लख्ख होतं की देवळाचे पुजारीसुद्धा बाहेर येऊन उभे राहिले. मी फुशारले. तेवढ्यात त्साईंचे नातेवाईक देवाला पोचवायच्या खोट्या कागदी नोटांचे गठ्ठे घेऊन आले आणि ट्रकशेजारच्या भट्टीत जाळायला लागले. सगळी राख यंत्राच्या जाळीत. हवा आत जाईना. जाळी साफ करायची तर झाकण उघडायला हवं, आणि झाकण उघडलं की यंत्र स्वतःच बंद पडतं.

थोड्या वेळाने नायकाचा पांढरा सदरा निळसर दिसायला लागला. मी फोनवर यंत्राचे आकडे पाहिले. उजेड उतरत होता, राखणदार वीज वाढवत होता, चकती तापत होती, म्हणून उजेड आणखी उतरत होता.

“काका, बंद करते.”

“वेड लागलंय का तुला?”

“मग राखणदार काढते आणि लेसर उतरवते. पडदा जरा अंधारेल.”

“देवाच्या डोळ्यांदेखत मुद्दाम अंधार करणार? विचारल्याशिवाय नाही.”

काकांनी देवळातून कौलाचे दोन लाल लाकडी तुकडे आणले, कपाळाला लावले आणि फरशीवर टाकले. दोन्हींच्या सपाट बाजू वर, फुगीर खाली.

“देव हसला,” काका म्हणाले. “म्हणजे प्रश्न नीट विचारला नाही आपण.”

“हसू दे हो! इथे लेप करपतोय!”

“ओरडू नकोस. नीट सांग, काय विचारू?”

“विचारा, थोडं कमी दिलं तर चालेल का.”

पुन्हा तुकडे पडले. एकाची सपाट बाजू वर, दुसऱ्याची फुगीर. होकार. मी राखणदार बंद केला आणि लेसर चांगलाच खाली आणला.

पडदा अंधारला. त्साईबाई ताडकन उठल्या. “अहो, माझ्या नवऱ्याच्या सिनेमाला काय झालं?” काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला लहानपणी फोडलेली बरणी आठवली.

मग सदरा हळूहळू पांढरा व्हायला लागला. नुसता पांढरा नाही, मघापेक्षा उजळ. चकती निवत होती आणि कमी विजेत जास्त उजेड देत होती. हे पुस्तकात असतं, परीक्षेत लिहून मी त्याचे मार्कही घेतलेत. पण आम्ही यंत्राला कधी इतकं तापूच दिलं नव्हतं, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, अगदी सगळ्यांसमोर. दोन सिनेमांच्या मध्ये जाळी साफ केली आणि दुसरा सिनेमा सुरळीत संपला.

चकती वाचली होती. पण ती वाचवताना साहेबांचा राखणदार खोटा ठरला होता, आणि ते त्यांना सांगायचं मलाच होतं.

रविवारी ते थायनानच्या ग्राहकांच्या सभागृहात आले. मी सांगायला लागले तशी त्यांची मान लाल होत गेली.

“देवळात? कंपनीचं यंत्र? भट्टीशेजारी?” मग खुर्ची ओढून म्हणाले, “दाखव.”

आम्ही एसी बंद केला आणि जाळीवर फडकं टाकलं. घामाने निथळत दोघे आकड्यांसमोर बसलो. उजेड उतरला, राखणदाराने वीज वाढवली.

“सावरेल,” साहेब म्हणाले.

सावरला नाही. पडदा निळा पडत गेला. मी हात पुढे केला, पण त्यांनी तो बाजूला सारला आणि स्वतःच्या बोटाने राखणदार बंद करून लेसर उतरवला. उजेड परत आला. ते पडद्याकडे बघत राहिले.

“काढून टाक तो,” शेवटी म्हणाले.

“साहेब, तुमचं नाव आहे त्यावर.”

“म्हणून तर मी सांगतोय. आणि उद्या ग्राहकांशी तू बोल.”

“मी?”

“इतकी वर्षं लोकांनी माझ्याकडून ‘जोर लावा’ एवढंच ऐकलंय. ‘कमी करा’ म्हटलं तर कोणाला खरं वाटेल?”

मग त्यांनी शिनचूला फोन लावला. रविवार असूनही आमच्या विभागातली सगळी मुलं कामावर होती.

“घरी जा,” साहेब म्हणाले.

पलीकडे कोणाचा विश्वास बसेना. त्यांना ते पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.