कुंदाचा आवाज बसला तेव्हा

मी एक जुना हेडफोन आहे, मित्रांनो. गाणी ऐकायचा नव्हे हं! मी टेलिफोन एक्स्चेंजातला. मला एक कान आणि एक तोंड. कान ऑपरेटरबाईच्या कानावर आणि तोंड तिच्या ओठांपुढे, अशी माझी बैठक. सध्या मी एका कपाटात पडून आहे, पण माझी तक्रार नाही. माझ्या वाट्याला जी माणसं आली ती आठवली, की मला माझं नशीब थोर वाटतं.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. काळं चकचकीत अंग, पितळी स्क्रू, डोक्यावर बसणारी पोलादी पट्टी. आगबोटीतून मुंबईला उतरलो तेव्हा वाटलं होतं, आपण फोर्टातल्या एखाद्या मोठ्या इमारतीत मिरवणार. कसलं काय! माझी रवानगी झाली उपनगरातल्या एका कौलारू एक्स्चेंजात. खिडकीबाहेर ताडाची झाडं आणि म्हशींचा गोठा. मी चांगलं नाक मुरडलं. मला नाक नाही, तरी मुरडलं.

तेव्हा आमच्या भागात कुणाला स्वतः नंबर फिरवता येत नसे. कुणी फोन केला की आमच्या बोर्डावरचं त्याच्या नंबराचं झाकण खट्कन पडे. बाई विचारी, "नंबर प्लीज?" आणि दोरीचं टोक योग्य भोकात खुपसून दोघांना जोडून देई. बोलणं संपलं की दोरी ओढून काढायची. ती काढताना सगळ्या बाया पुटपुटत, "सुटला!" ही आमच्याकडची जुनी रीत होती.

पंचावन्न सालच्या सुमारास कुंदा आली आणि मी तिच्या डोक्यावर बसलो. कुंदा जोगेश्वरीची. तिचे वडील, भाऊ, कोकणातून येऊन गिरणीत लागलेले. पण छातीच्या दुखण्याने आता घरी होते. घर चालायचं ते कुंदाच्या नोकरीवर, आणि ती नोकरी अजून कच्ची होती. आवाज मात्र असा खणखणीत, की आमच्या कडक सुपरवायझर वनमालाबाईसुद्धा एकदा म्हणून गेल्या, "हिचा आवाज ऐकून माणसं नंबर विसरतात." त्या दिवशी मीही फुगलो होतो.

पण फोनवरची माणसं सगळी सारखी नसतात. एक वकीलसाहेब रोज खेकसायचे, "झोपलात काय?" कुंदा म्हणे, "सॉरी सर." मग दोरी ओढून "सुटला"ही म्हणे; पण साहेबांचं खेकसणं तिच्या डोक्यात दिवसभर ठाण मांडून बसे. एकदा चहाच्या वेळी मी तिच्या गळ्यात लटकत होतो, तेव्हा ती शेजारच्या जयंतीला सांगत होती.

"काल भाऊंनी हाक मारली गं, आणि माझ्या तोंडून निघालं, नंबर प्लीज?"

"अगं बाई! मग?"

"मग काय, भाऊ म्हणाले, गो चेडवा, बापाशीक नंबर इचारतंस?"

दोघी पोट धरून हसल्या. पण पुढेपुढे कुंदाचं हसू ओसरलं. घरात दाराची कडी खट् वाजली तरी जेवता जेवता तिचा हात दोरीसाठी उठू लागला. रात्रीची झोपही उडाली.

अशातच तो दिवस आला. एका बाईचा फोन आला, "डॉक्टर द्या हो, लवकर! बाळाला आकडी आलीय!" नेमके तेव्हाच दुसऱ्या लाईनवर वकीलसाहेब कडाडत होते. कुंदाची गडबड झाली. दोरी डॉक्टरांऐवजी शेजारच्या भोकात गेली, ते होतं बँडवाल्याच्या दुकानाचं. "बोला, लग्न कधीचं आहे?" बँडवाल्याने उत्साहाने विचारलं, आणि त्या आईने फोडलेली किंकाळी मी कुंदाच्या कानात ओतली. मला दुसरं काही करताच येत नव्हतं. कुंदाने चूक लगेच सुधारली आणि डॉक्टर जोडून दिले. पण त्या बाळाचं पुढे काय झालं? ऑपरेटरने लोकांचं ऐकायचं नाही आणि त्यांना विचारायचंही नाही, असा नियम होता.

दुसऱ्या दिवशी झाकण पडलं, कुंदाने तोंड उघडलं आणि बाहेर आली नुसती हवा.

सगळ्यांना वाटलं, हेडफोन बिघडला. नंदकुमार मिस्त्री धावत आला. त्याने मला उघडलं, पुसलं, पुन्हा जोडलं आणि म्हणाला, "फस्क्लास आहे हा!" मी ठणठणीतच होतो. कुंदाला विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. एक्स्चेंजचे मोठे साहेब केबिनमधून म्हणाले, "आवाज नसलेली ऑपरेटर काय कामाची? आठवडाभर बघू, नाहीतर दुसरी मुलगी घेऊ." घरी आईने हळद-दूध दिलं, जयंतीने ज्येष्ठमध आणलं. आवाज काही येईना. नोकरी आता जाते की काय, या धास्तीने कुंदा आणखीच मिटत चालली.

मग एका दुपारी वनमालाबाईंनी मला आपल्या डोक्यावर चढवलं आणि कुंदाला शेजारी बसवून घेतलं. वकीलसाहेब आलेच. त्यांचं ओरडणं माझ्यातून सांडून कुंदापर्यंत जात होतं. त्यांचं बोलणं संपल्यावर बाईंनी शांतपणे दोरी ओढली. "सुटला," त्या म्हणाल्या. "कुंदा, हे आपण कुणाला सांगतो गं?"

कुंदाने दोरीकडे बोट दाखवलं.

"वेडी! दोरी ओढली की लाईन सुटतेच, तिला कशाला सांगायला हवं? आपण स्वतःला सांगतो. तो माणूस सुटला, त्याचं ओरडणंही सुटलं. तू नुसतं तोंडाने म्हणत होतीस."

कुंदाचे डोळे भरले. तिने नकारार्थी मान हलवली आणि दोन्ही हातांनी पाळणा हलवल्यासारखं केलं. बाईंना त्या दिवशीचा घोटाळा आठवला.

"ते बाळ होय? ते नाही असं सुटायचं. त्याचं विचारायलाच हवं."

आणि वनमालाबाईंनी, ज्या नियमाबाहेर तसूभरही जात नसत त्यांनी, साहेबांच्या केबिनकडे एकदा पाहिलं, कुंदाने दाखवलेल्या भोकात दोरी खुपसली, मला कुंदाच्या डोक्यावर बसवलं आणि घंटी दिली.

"हॅलो? कोण?" त्याच बाई होत्या.

कुंदाच्या तोंडून हवाच आली.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"बोल ना गं, ठेवून देतील त्या," जयंती कुजबुजली. वनमालाबाईंचा हात कुंदाच्या पाठीवर होता. तिचा गरम श्वास माझ्या तोंडावर येत होता. मित्रांनो, मला स्वतःचा आवाज असता तर तो मी तिला त्या क्षणी देऊन टाकला असता.

"बाळ... बाळ कसं आहे?" घोगरा, फाटका आवाज. पण आला!

"एक्स्चेंजातल्या बाई का? अहो, डॉक्टर वेळेवर पोचले, तुमच्यामुळे! कधीपासून मनात होतं तुम्हाला सांगायचं. पण तुमचा नंबर कुणाकडे मागायचा?"

मागे ते बाळ ठणाणा रडत होतं. तसं गोड रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. कुंदा रडता रडता हसली, दोरी ओढली आणि म्हणाली, "सुटला." या वेळी ते तिच्या छातीतून आलं. आठवडा संपायच्या आत तिचा आवाज पूर्ण मोकळा झाला आणि पुढे नोकरीही पक्की झाली. वकीलसाहेब खेकसतच राहिले, पण त्यांचं खेकसणं बोर्डापाशीच राहू लागलं.

पुढे आपोआप नंबर लावणारी यंत्रं आली आणि मी कपाटात गेलो. अंगावर धूळ बसली, पट्टी गंजली. तरी मी त्या बायांचा ऋणी आहे. त्यांनी मला माणसाचं बोलणं ऐकवलं.

मित्रांनो, मी बिघडलो की मिस्त्री धावत यायचा. माणसाला मिस्त्री पुरत नाही, त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसावं लागतं. तुम्ही मोठे व्हाल, कामाला लागाल. शेजारचं कुणी गप्प झालेलं दिसलं, तर त्याला विचारा. आणि कधी तुमचाच आवाज बसला, तर जे कुणी शेजारी येऊन बसेल, त्याला बसू द्या.