मोठ्या गाडीची तहान

“बाई, येवढा वैशाख सरू द्या,” यमाजी म्हणाला. हातातलं फडकं तो उगाचच गाडीच्या दिव्यावरून फिरवत होता.

“वैशाख सरल्यावर मोठी गाडी आणून तिच्यात काय भात वाळत घालू?” ताराबाई गिरणीच्या ओट्यावरून म्हणाल्या. “लग्नं वैशाखातच असतात ना? उद्या कल्याणला जायचं. ही द्यायची, ती आणायची. ठरलं.”

मुरबाडातली ती भाताची गिरणी नवऱ्यामागे ताराबाईंनी एकटीनं चालवली होती. त्यांची मॉरिस मायनर एरवी गिरणीच्या कामाला असे आणि लग्नसराईत नवरा-नवरीला न्यायला भाड्यानं जाई. यमाजी तिचा ड्रायव्हर. गाडी एवढीशी, की मागे दोन माणसं आणि पुढे ड्रायव्हरशेजारी एक पेटी बसली की ती भरली. आठवड्यापूर्वी सरळगावच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या आत्याला गाडीत जागा मिळाली नाही, म्हणून ती जेवली नव्हती. वराकडची आत्या उपाशी उठली म्हणजे काय होतं, हे लग्न झालेल्या माणसाला सांगायला नको.

“आणि तुझ्या लेकीचं, भिमीचं लग्न आहे ना, पंधरा दिवसांनी?” ताराबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. “नवी ॲम्बेसडर घेऊन जा. पेट्रोल माझं. वैशाखऱ्यापासून शहापूरपर्यंत लोक वळून बघतील रे!”

एवढ्या मनापासून दिलेल्या वस्तूला नको कसं म्हणायचं? यमाजी मान हलवून फडकं पिळायला गेला. आपल्याला तीच जुनी, लहान, आत्यांना उपाशी ठेवणारी गाडी हवी आहे, हे त्याला सांगता आलं नाही.

मी तेव्हा मुरबाडच्या शाळेत मास्तर होतो. यमाजीला ती गाडी का हवी होती, हे त्यानं मला पुढे सांगितलं. खरं तर त्यातलं थोडं मला आधीच ठाऊक होतं.

यमाजी वैशाखऱ्याच्या बाहेरच्या वाडीचा. जमीन नाही, बैल नाही. लढाईच्या काळात लष्करात गेला, तिथं ट्रक चालवायला शिकला आणि परत येऊन ताराबाईंकडे लागला. अकरा वर्षं तो त्या लहान गाडीतून नवरा-नवरी पोचवत होता. त्या काळी आमच्याकडच्या मुलामुलींनी लग्नाआधी एकमेकांचं तोंड नीट पाहिलेलं नसे. लग्नात गर्दी, सासरी गर्दी, आणि एकाच खोलीच्या घरात सासू, दीर, नणंदा, कोंबड्या. दोघं एकमेकांना एकटी सापडत ती या गाडीतच, तासभर. पुढे ड्रायव्हर असे, पण ड्रायव्हरला कोण माणसांत धरतो?

त्यामुळे आमच्या तालुक्यातल्या कितीतरी संसारांचं पहिलं वाक्य यमाजीनं ऐकलं होतं.

एकीनं विचारलं होतं, “विहीर किती लांब हाय तुमची?” एक नवरा म्हणाला होता, “माझी आई बोलते लय, पन मनात काय नसतं तिच्या.” एकीनं आधीच सांगून टाकलं होतं, “माझा एक दात पडलाय मागचा, मागनं म्हनाल सांगितलं नाय.” एक जोडी पाऊण तास गप्प बसली आणि मग दोघं एकदमच म्हणाली, “झोप आली काय?” त्यावर दोघं इतकी हसली, की यमाजीला गाडी हळू करावी लागली. ह्यातलं एक वाक्य माझ्या बायकोचं आहे. कोणतं ते मी सांगणार नाही.

काही जोड्या मात्र बोलतच नसत. त्यांच्यासाठी यमाजीची एक युक्ती होती. काळू नदीच्या फरशीवर, त्या बुटक्या पुलावर, तो गाडी थांबवी, “पानी मागतेय गाडी,” म्हणे आणि पत्र्याचा डबा घेऊन खाली उतरे. डबा भरायला त्याला अर्धा तास लागे. गाडीला पाणी नको असे, हे वेगळं सांगायला नको.

परत आल्यावर जेवताना तो बायकोला, चिमाला, सगळं सांगे. कुणाचं नाव नाही, नुसतं वाक्य. चिमा भाकरी थापता थापता ऐके आणि हसे. भिमी चुलीजवळ बसून ऐकत मोठी झाली. सहा-सात वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, “बाबा, मला पन ह्याच गाडीतनं धाडशील?”

“ह्याच. दुसऱ्या कुठल्या नाय,” यमाजी म्हणाला होता.

एकदा त्यानं चिमाला विचारलं, “आपन काय बोललो गो पयलं?” त्याला खरंच आठवत नव्हतं. त्यांची वरात बैलगाडीतून आलेली, एका गाडीत अकरा माणसं. घरात भाऊ-भावजया. बाराव्या दिवशी तो लष्करात गेला तो चार वर्षांनी उगवला.

चिमाला आठवत होतं. “पानी दे,” ती म्हणाली.

“आं?”

“तुमी म्हनालात, पानी दे. दारातनं आलात, बसलात, आनि म्हनालात, पानी दे. मी दिलं.” ती हसतच होती, पण यमाजीनं हातातला घास ताटात परत ठेवला. तेव्हापासून फरशीवर त्याचा डबा आणखी सावकाश भरू लागला.

कल्याणला गाड्यांची अदलाबदल करणारा एक दलाल होता. त्यानं मॉरिसभोवती एक चक्कर मारली, दारं उघडून मिटली आणि वळायच्या खुणेचं बटण दाबलं. खिडकीमागून वळायची दिशा दाखवणारा तो छोटा पिवळा पट्टीचा हात अर्धाच बाहेर आला, अडकला आणि मग टक्कन आडवा झाला. यमाजीनं तोंड फिरवलं. मग काहीतरी आठवून तो मागच्या सीटवर वाकला आणि फटींतून बोटं फिरवू लागला.

“काय हरवलं का?” दलालानं विचारलं.

हरवलं नव्हतं, सापडत होतं. अकरा वर्षांच्या अक्षता त्या फटींत साठल्या होत्या. पिवळट, कुंकवानं लालसर झालेले तांदूळ, काही पार काळे पडलेले. दोन मुठी निघाले. त्यानं ते रुमालात बांधले आणि नव्या गाडीत बसला.

नवी गाडी खरोखर राजेशाही होती. पुढे लांबलचक एकसंध सीट, मागे तशीच. गिअरचा दांडा खाली नव्हताच, तो स्टिअरिंगलाच लावलेला. यमाजीचा डावा हात सवयीनं गुडघ्याजवळ जाई आणि तिथं काही सापडत नसे. मुरबाडपर्यंतच्या रस्त्यात तो हात दहा वेळा तरी रिकामा परत आला असेल.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं गाडी वाडीवर नेली. पोरं धावत आली, म्हाताऱ्या हात लावून गेल्या. भिमी सगळ्यांत शेवटी आली. मागच्या सीटवर मधोमध बसून तिनं दोन्ही हात पसरले. दोन्हीकडच्या दारांना ते पोचेनात.

“लय मोठी हाय, बाबा,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली. यमाजी टायरकडे बघत राहिला.

त्या संध्याकाळी चिमानं रुमालातले तांदूळ भिमीच्या अक्षतांत मिसळले. “लहान गाडी नाय तर नाय,” ती म्हणाली, “येवढं तरी येऊ दे तिच्या डोक्यावर.”

जावई नवसू कसाऱ्याला रेल्वेच्या रुळांवर कामाला होता. घर शहापूरच्या अलीकडच्या एका वाडीत, खोली एक आणि माणसं आठ. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी तो कामावर परतणार, मग आठवड्यातून एकदा येणार. म्हणजे जे काय बोलायचं ते गाडीत, नाहीतर कधी कोण जाणे. हा हिशेब यमाजीनं पंधरा दिवस मनात शंभरदा केला होता.

लग्न लागलं. आता बाप मुलीच्या पाठोपाठ सासरी कसा जाणार, अशी कुजबुज झाली. यमाजी म्हणाला, “बाप घरीच हाय. मी डायवर.”

आणि मग गाडी भरली. तालुक्यात अशी जागा कुणी पाहिलेलीच नव्हती, तेव्हा ती वाया कशी घालवायची? पुढे नवऱ्याची आत्या धोंडूबाई, तिच्या बाजूला सनईवाला सनईसकट. मागे एका दाराशी नवसू, दुसऱ्या दाराशी भिमी, मध्ये दोन करवल्या, पाठराखीण म्हणून निघालेली भिमीची चुलती, तिच्या मांडीवर मूल आणि सगळ्यांच्या पायांवर भिमीची पेटी. नवरा-नवरीच्या उपरण्याची नि पदराची गाठ या सगळ्यांच्या मांड्यांवरून दोरीसारखी ताणलेली. चिमा दारात उभी होती. यमाजीनं तिच्याकडे पाहिलं आणि गाडी चालू केली.

टोकावडं गेलं, सरळगाव गेलं. दुपारचं ऊन पांढरं पडलं होतं, पळसाची झाडं झोपल्यासारखी उभी होती. सनईवाला घोरत होता. आरशात यमाजीला भिमीचं अर्धं बाशिंग दिसे आणि पलीकडच्या टोकाला नवसूचा एक कान. दोघांच्या मध्ये अख्खं गाव.

काळूची फरशी आली. यमाजीनं गाडी थांबवली.

“काय झालं रे?” धोंडूबाईनं विचारलं.

“पानी मागतेय.”

“नवी गाडी ना ही?”

“मोठी गाडी, आत्याबाय. मोठी तहान.” त्यानं डबा काढला. “उतरा समदी. तापलीय, वजन हलकं करा. शीव हाय, नदीला नारळ द्या, हातपाय धुवा.”

“मी बसते भिमीजवळ,” चुलती म्हणाली. “पोर झोपलंय.”

“पोरालाच तर ऊन लागंल इथं. खाली सावली हाय बघ.”

“मग ही दोघं?”

“त्यांची गाठ हाय. सासरच्या उंबऱ्यापर्यंत त्यांनी पाय टेकायचा नाय.” हे बोलताना यमाजीनं मुलीकडे पाहिलं नाही.

धोंडूबाई हलली नाही. ती मोठ्या देहाची बाई होती आणि जागा मिळवून बसली होती. तिनं एकदा मागे पाहिलं, एकदा यमाजीकडे. मग दार उघडून ती खाली उतरली, जाता जाता बॉनेटवर हात टेकवला आणि ओरडली, “उठा गो पोरीनु! त्या सनईवाल्याला पन उठवा.”

सगळी वरात नदीत उतरली. पाणी घोट्याएवढंच होतं. करवल्या पाणी उडवू लागल्या, नारळ फुटला. यमाजी डबा बुडवी आणि ओती, पुन्हा बुडवी. धोंडूबाई त्याच्याशेजारी एका दगडावर बसली.

“यमाजी, गाडी तापलेली नाय तुझी,” ती हळूच म्हणाली. “मी हात लावला.”

यमाजीनं डबा पुन्हा बुडवला.

“मला अकरा वर्साची आनली व्हती,” धोंडूबाई पाण्याकडे बघत म्हणाली. “आमचं पयलं बोलनं कवा झालं ठावं हाय? पयलं पोर झाल्यावर. त्ये म्हनाले, मुलगा का मुलगी? येवढंच.” तिनं पाय पाण्यात सोडले आणि चोळू लागली. तेवढ्यात चुलती मूल घेऊन वर निघालेली तिला दिसली. “कुठं चाललीस गो?” ती ओरडली. “माजे पाय धुवून व्हायचेत अजून. लय मळलेत.”

तिनं ते पाय तीनदा धुतले.

यमाजीनं वर पाहिलं. फरशीच्या टोकाला ती मोठी गाडी उन्हात उभी होती. तिची काच चमकत होती, आतलं काही दिसत नव्हतं आणि ऐकू येणं तर शक्यच नव्हतं. अकरा वर्षं त्यानं सगळ्या तालुक्याचं ऐकलं, आणि आज स्वतःच्या लेकीचं ऐकायच्या वेळी तो नदीत उभा होता. त्याला वाईट वाटलं. पण नदीतून हलावं असं काही त्याला वाटलं नाही.

बऱ्याच वेळानं तो डबा घेऊन वर आला. बॉनेट उघडून पाणी ओतायला लागला, तर रेडिएटर भरलेलाच. पाणी त्याच्या पायांवर सांडलं. झाकण लावून तो मागे वळला.

सीट रिकामी झाली होती, ऐसपैस. दोघांनी आपापल्या दारांशी बसून राहावं अशी चांगली हातभर जागा होती मध्ये. पण भिमी आपल्या दारापाशी नव्हती. ती सरकून नवसूजवळ गेली होती, आणि गाठ दोघांच्या मध्ये सैल पडली होती. लहान गाडीत खांदे आपोआपच लागत, कुणाला सरकावं लागत नसे. यमाजीला हे आजवर कधी सुचलं नव्हतं.

त्याला पाहून दोघं बोलायची थांबली. मग नवसूनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तो लाजला होता, पण म्हणाला, “मामा, थोडं पानी ऱ्हायलंय काय? हिला तहान लागलीय.”

डब्यात तळाशी होतं. यमाजीनं दार उघडून डबा दिला. भिमीनं ओंजळ धरली आणि नवसूनं हळूहळू ओतलं. यमाजी पाठ फिरवून नदीकडे बघत उभा राहिला. धोंडूबाई धापा टाकत वर येत होती.

शहापूरच्या त्या वाडीतून तो परत आला तेव्हा दिवेलागण झाली होती. मांडव रिकामा होता. चिमा ओट्यावर एकटी बसली होती, पुढ्यात अक्षतांचं रिकामं ताट.

“काय म्हनाली पयलं?” तिनं विचारलं. दिवसभर तिनं एवढंच धरून ठेवलं असावं.

“ऐकू नाय आलं.”

“नाय?”

“नदीत व्हतो मी.”

चिमानं मान हलवली. यमाजी आत गेला. माठावरचं झाकण वाजलं. तो तांब्या भरून बाहेर आला आणि त्यानं तो तिच्यापुढे धरला.

“मी कुठं मागितलं?” चिमा म्हणाली.

“नाय मागितलंस,” यमाजी म्हणाला. “घे.”

तिनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि सावकाश सगळं पाणी प्याली.