सातव्या महिन्यातली सुई

नर्सबाई सुई भरून उभ्या होत्या आणि हौशी काही दंड पुढे करीत नव्हती.

"थांबा बाई," ती म्हणाली. "पयले मना डाक्तरीणबाईंना इचारू द्या."

तिला वांगणीच्या पाड्यावरून जीपने जव्हारच्या सरकारी दवाखान्यात आणलं, तेव्हापासून कळा येत-जात होत्या, आणि महिना होता सातवा. तीन वर्षांपूर्वी थोरल्या रविनाच्या वेळीही सातवाच होता. तेव्हाही इथेच सुया टोचल्या होत्या, पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून. रविना मुठीएवढी जन्मली, पण तिने श्वास धरला. पुढे मात्र पोरीचं सगळंच उशिरा. शेजारच्या सुकरीचा गोकुळ त्याच होळीला जन्मलेला. तो अंगणभर धावायला लागला तेव्हा रविना कुडाला धरून उभी राहत होती. तो बडबडायला लागला तेव्हा ती नुसतं बोट दाखवायची. झालं! हौशीची सासू कमू हिने निकाल लावून टाकला: सुईनेच पोरीची जीभ जड केली. गावालाही तेवढंच हवं होतं, उचलली जीभ लावली टाळ्याला. हौशी वरून कुणाला जुमानायची नाही, पण दंड आपणच पुढे केला होता, हे तिला आतून खात राहिलं. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तशी ती आज त्या सुईकडे बघत होती.

डॉक्टर उज्ज्वला आल्या तसं हौशीने सरळच विचारलं, "माझी पोर या सुईनं मागं पडली का?" गोकुळचंही सांगितलं.

दुसरं कुणी असतं तर 'काहीतरीच काय' म्हणून मोकळं झालं असतं. उज्ज्वलाबाई खाटेच्या कडेला टेकल्या. मुलांच्या पुढच्या वाढीवर या सुईचा काही परिणाम होतो का, हे मोठमोठे डॉक्टर अजून तपासताहेत, म्हणाल्या. "मी तुला खोटं सांगणार नाही." पण इतक्या लवकर आलेलं मूल तसंही थोडं मागून चालतं. आणि या सुईवाचून आलेली, श्वासच न धरलेली बाळं त्यांनी आपल्या हातांनी कापडात गुंडाळली होती.

"गोकुळ भरल्या दिवसांचा," त्या म्हणाल्या. "रविना दोन महिने आधी आली. दोघांना एकाच होळीवरून कसं मोजायचं?"

दारात कमू रविनाला कडेवर घेऊन उभी होती. तिने तिथूनच मान हलवली. सुई नको म्हणजे नको.

हौशीने तिच्याकडे बघितलं. "आये, गेल्या साली आपण भाताच्या रोपांचं आवण कवळंच उपटून लावलं. सुकरीचं हिरवंगार, आपलं पिवळं. मी रडाया लागलू, तवा तू काय सांगलास? दम धर, मूळ धरू दे. भाताला दम धरलास, माझे पोरीला का नाय धरलास?"

चारचौघांत सुनेने असं बोलावं! कमूला राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली. या पावसाळ्यात रविना 'पाणी दे', 'कोंबडी गेली' असं तुटक बोलायला लागली होती. कमूने ते कधी जमेलाच धरलं नव्हतं.

हौशीने नर्सबाईंपुढे दंड केला. कमू रविनाला घेऊनच आत आली आणि तिने सुनेचा दुसरा हात धरला.

कळा थांबवायच्या वेगळ्या औषधाने बाळंतपण दोन दिवस लांबलं. मग मुलगा झाला, हाडकुळा, लालबुंद, पण असा खणखणीत रडला की पलीकडच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली. हौशी हसली आणि तिला रडूही आलं. दवाखान्यात महिनाभर राहून बाळाने अंग धरलं, तेव्हा ती सगळी वांगणीला परतली.

बाळ बघायला अख्खा पाडा लोटला. सुकरी सगळ्यांत पुढे. बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला करत तिने मोठ्याने विचारलं, "यालाबी दिली का ती सुई?"

"दिली," कमू म्हणाली. "रविनालाबी दिली हुती. दोगांबी माझींच नातवंडां."

सुकरी आणखी काही बोलणार, तोच रविना दोघींच्या मधे येऊन उभी राहिली.

"हळू बोल," ती म्हणाली. "माझा भाऊ निजलाय."

शब्द न् शब्द स्वच्छ. अंगणात सगळ्यांनी ऐकला.

सुकरीने फडकं परत नीट घातलं आणि पुढचं सगळं ती हळू आवाजात बोलली.